कुणीतरी बसायला हवं

१

दुपारची भांडी विसळून झाली की मी हात पुसत मागच्या खोलीत जायचे, दार लोटायचे, कानांवर हेडफोन चढवायचे आणि दुसऱ्याचं बोलणं लिहायला बसायचे. हीच माझी नोकरी. एका तंत्रशिक्षण संस्थेत ऐकू न येणारी मुलंमुली घरबसल्या शिकतात. सर बोलतात, मी ऐकता ऐकता टाइप करते, आणि माझी अक्षरं त्या मुलांच्या पडद्यावर खालून वर सरकत जातात. त्या दिवसांत पंप आणि झडपा चालू होत्या. यंत्रातलं मला ओ की ठो कळत नाही, पण सरांचं बोलणं माझ्या बोटांतून इतकं वाहिलं होतं की लग्नात आलेल्या मिक्सरपेक्षा मला पंपाची माहिती जास्त होती.

मी मुळात कमी बोलते. म्हणूनच नवरा मला ‘बडबडे’ अशी हाक मारतो. सासूबाईंसमोर मी त्याला अहो म्हणते, दार लोटलं की अरे. एवढाच काय तो आमचा चोरटा संसार. नव्या घरात सगळंच दुसऱ्यांचं असतं. पातेली त्यांची, पडदे त्यांचे, चहा किती उकळायचा हेसुद्धा त्यांचंच. हे काम तेवढं मी माहेराहून सोबत आणलं होतं. अजून कायम झाले नव्हते. “काम बघू, मग ठरवू,” असं संस्थेच्या मॅडम म्हणाल्या होत्या, आणि त्या बघत होत्या.

नेमका तेव्हाच घरातला कॉम्प्युटर आपोआप बंद पडून पुन्हा सुरू व्हायला लागला.

ना धूर, ना वास, ना काही सूचना. सर म्हणत असायचे, “आता पाणी वर चढतंय, बरं का,” आणि खट्. पडदा काळा. कानातले सर गायब. मग कॉम्प्युटरच्या डब्यातला पंखा घरघरायचा, पडद्यावर गोल गोल ठिपके फिरायचे, आणि मी पुन्हा वर्गात पोचेपर्यंत पाणी कुठल्या कुठे चढून गेलेलं असायचं. बाजूच्या पट्टीत एका मुलीचा निरोप थांबलेला असायचा. नावाच्या जागी तिने ‘शेवटचा बाक’ असं लिहिलं होतं.

“ताई, अक्षरं थांबली.”

रागावून नाही. नळ गेला की शेजारीण सांगते तसं.

२

पहिला संशय सासूबाईंवर. नव्या सुनेचा पहिला संशय आणखी कुणावर असणार? पण मला कारण होतं. त्या टेलिफोन ऑफिसातून निवृत्त झाल्यात. आयुष्यभर लोकांच्या तारा जोडल्या आणि आता घरभर फिरून बटणं बंद करतात.

“आई, तुम्ही मागचं बटण बंद केलंत का?”

“मी पंख्याचं केलं. खोलीत माणूस नसताना पंखा कुणाला वारा घालतोय?”

“मी होते ना खोलीत.”

“तू असतेस ते कळतं कुठे बाई!”

त्या हसल्या. मीही हसले. पंख्याचं बटण वेगळं, कॉम्प्युटरचं वेगळं. तेव्हा त्या सुटल्या.

मग नवरा. “मी बघतो,” हे त्याचं ब्रीदवाक्य. तो कोल्ड स्टोरेजमध्ये शिफ्टला जातो आणि घरी येतो तो अर्ध्या झोपेतच. कॉम्प्युटरचं टेबलही त्यानेच केलेलं. टेबल हलता कामा नये, असं त्याचं मत असल्यामुळे त्याने ते भिंतीत स्क्रूंनी असं पक्कं बसवलंय की घर पडेल पण टेबल पडणार नाही. त्यामुळे माझं तोंड भिंतीकडे, पाठ अख्ख्या खोलीकडे. मागे खिडकी, लोखंडी कपाट, दार, आणि कुणी झोपत नाही अशी एक लाकडी खाट.

त्याने डबा उघडला, वायरी दाबल्या, जांभई दिली. “झालं बघ.”

दुसऱ्या दिवशी सर झडपेच्या बिजागरीपर्यंत आले आणि खट्.

त्या वेळी मी पहिल्यांदा पडद्याकडे नीट पाहिलं. इतर वेळी तो उजेडाने भरलेला असतो. काळा झाला की आरसा होतो, पण गरिबाघरचा. माझा चेहरा, कानांवर काळ्या वाट्या, खिडकीचा पांढरट चौकोन, खांद्याच्या मागे खाटेची कड. दमलेली दिसत होते. सासरी येऊन फार दिवस झाले नव्हते आणि चेहरा मात्र जुन्या सुनेसारखा झाला होता.

३

दुरुस्तीवाल्याला आमच्या घरात ‘फुंकर’ म्हणतात. कुठल्याही आजारावर त्याचा पहिला इलाज म्हणजे डबा उघडून जोरात फुंकणं.

“धूळ आहे वहिनी, धूळ. सगळ्या जगाचा प्रॉब्लेम धूळ आहे.”

त्याने फुंकलं. मग पंखा बदलला. मग रॅमच्या पट्ट्या काढून, पुसून, अदलाबदल करून घातल्या. मग पॉवर सप्लाय. मग डबा काखोटीला मारून दुकानात घेऊन गेला आणि काही दिवसांनी तोंड पाडून परत आला.

“माझ्याकडे गाणी लावली, सिनेमे लावले, दिवसभर चालू ठेवलं. हूं नाही की चूं नाही. तुमच्याकडेच रुसतं हे.”

“त्याला सासर मानवत नसेल,” सासूबाई म्हणाल्या आणि माझ्याकडे बघितलं नाही.

ज्या दिवशी डबा घरी आला त्याच दुपारी पडदा पुन्हा काळा झाला. कानात शांतता. पडद्यात माझा चेहरा, खिडकी, खाटेची कड, आणि खाटेच्या कडेवर दोन गुडघे.

वरचं काही दिसत नव्हतं. पडदाच तिथे संपत होता. गुडघे एकमेकांना चिकटलेले, वर कसलंसं मातकट कापड, त्यावर पालथे ठेवलेले हात. दवाखान्यात नंबर लागायची वाट बघत माणसं बसतात तसे.

“आई, परत गेलं हो,” मी म्हटलं आणि प्लग बघायला टेबलाखाली वाकले. वर आले तेव्हा खाटेवर कुणी नव्हतं.

बाहेर आले. सासूबाई गॅलरीत फोनवर होत्या. लेकीशी, म्हणजे माझ्या नणंदेशी.

“तुम्ही आत येऊन बसला होता?”

“मी कधीची इथेच आहे. हिचं गाऱ्हाणं संपेल तर ना!”

खाटेवर वाळलेल्या कपड्यांचा ढीग होता, हे मला नंतर आठवलं. त्यात नवऱ्याची मातकट पँट होती. कपड्यांना गुडघे असतात का, असं मी स्वतःला विचारलं. पँटला असतात, असं उत्तर दिलं. हातांचं काय, असं विचारलं नाही. कपड्यांच्या घड्या घालून कपाटात ठेवल्या. खाट मोकळी केली.

पुढच्या वेळी मोकळ्या खाटेच्या कडेवर गुडघे तसेच होते.

मी खुर्ची मागे ढकलून सरळ बाहेर निघून गेले. स्वयंपाकघरात जाऊन पाणी प्यायले. मग आठवलं की वर्ग चालू आहे.

४

यातलं घरात काय सांगायचं? नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणणार, मी बघतो. सासूबाईंना सांगितलं तर त्या काही म्हणणार नाहीत, आणि ते जास्त वाईट. मी म्हटलं, “खोलीत कुणी असलं की नीट चालतं बहुतेक.”

हे मात्र खरं होतं. नवरा सुट्टीच्या दिवशी खाटेवर आडवा पडून घोरत होता तेव्हा सबंध वर्ग न तुटता झाला होता. सासूबाई कपाट आवरत होत्या त्या दुपारीही.

फुंकरला हे कळल्यावर तो एकदम खूश झाला. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्याला धुळीशिवाय काहीतरी सुचलं होतं.

“वजन! खाटेवर कुणी बसलं की पाय फरशीवर दाबला जातो. फरशीखालून वायर गेली असणार. दाब पडला की टाका बसतो, दाब सुटला की टाका सुटतो. बघा, सोप्पं!”

आम्ही जाड रजया भरलेली मोठी बॅग खाटेवर ठेवली. वर पिठाचा डबा. दुपारी मी एकटी बसले. खट्.

काळ्या पडद्यात मी खाली पाहिलं, किबोर्डकडे. तिथे बघण्यासारखं काही नव्हतं. तरी पडदा उजळेपर्यंत मी तिथेच बघत राहिले.

मग सासूबाई येऊन बसल्या. कॉम्प्युटर एखाद्या शहाण्या मुलासारखा शेवटपर्यंत चालला. दुसऱ्या दिवशी त्या बाहेर. खट्. तिसऱ्या दिवशी त्या आत. शहाणा.

फुंकरने हात जोडले. “वहिनी, माझी विद्या इथे संपली. त्याला सोबत लागते. कुणीतरी बसायला हवं, बस्स.”

५

तेव्हापासून सासूबाई रोज बसायला लागल्या. एवढं त्यांनी माझ्यासाठी करावं असं आमच्यात अजून काही झालं नव्हतं. त्या उसवलेल्या शिवणी घेऊन यायच्या आणि खाटेवर बसून टाके घालायच्या. वर्ग संपला, मी हेडफोन काढले की म्हणायच्या, “संपलं तुझं पाणी?”

“आजचं संपलं.”

“आमच्या वेळी आम्ही कानाला लावून दिवसभर लोकांचं बोलणं जोडायचो, पण ऐकायचं नाही असा हुकूम. तुझं बरंय. तुला ऐकायचा पगार.”

मला त्या आवडायला लागल्या. त्यांच्या गुडघ्यांत दुखायचं. ताठ बसून बसून कंबर धरायची. एकदा उठताना त्यांनी मांडीवर हात टेकले आणि म्हणाल्या, “आपल्याच घरातल्या खाटेवर मी अशी अंग चोरून का बसते, कळत नाही. बसमध्ये शेजारी कुणी बसल्यासारखी. एवढी लांबलचक खाट, आणि मी आपली कोपऱ्यात.”

“पाय लांब करून बसा ना मग.”

“करते. थोड्या वेळाने बघते तर पुन्हा कोपऱ्यात.”

त्या स्वतःशीच हसल्या आणि कंबर चोळत बाहेर गेल्या. मी हेडफोनच्या वायरीची गुंडाळी केली, ती सोडली, पुन्हा केली.

मग नणंदेकडून बोलावणं आलं. तिचे आता दिवस भरत आले होते. सासूबाईंना जाणं भाग होतं. बॅग भरताना मला म्हणाल्या, “मी तुला किती पुरणार? एकदाचं ते मशीन नीट करून घे.”

६

त्याच आठवड्यात मॅडमचा फोन आला. त्यांचा आवाजही दमलेला असतो. त्यांच्याकडे माझ्यासारख्या बऱ्याच जणी आहेत.

“तुमचं लिखाण फार स्वच्छ असतं. पण मुलांचा धडा मध्येच तुटतो, त्याचं काय करू मी? येत्या उजळणीच्या वर्गाला मी स्वतः बसणार आहे. तो अखंड झाला तर तुम्हाला कायम करते. तुटला तर दुसरी बघावी लागेल. आणि कॅमेरा चालू ठेवा. लिहिणारी समोर बसलीय हे दिसलं पाहिजे.”

नवऱ्याने त्या दिवशी ‘मी बघतो’ म्हटलं नाही. त्याने सरळ फुंकरला बोलावलं आणि म्हणाला, “काय वाट्टेल ते बदल.”

फुंकरने मदरबोर्ड बदलला. भिंतीतला बोर्ड नवा बसवला. पायाशी बॅटरीचा एक जड ठोकळा ठेवला. डब्याचं झाकण तेवढं जुनं राहिलं. मग त्याने मला एकटीला बसवलं, दार लावून घेतलं आणि सगळे बाहेर थांबले. मी पडद्याकडे बघत बसले. काही झालं नाही. पडदा उजळ होता आणि उजळच राहिला.

“आता वीज गेली तरी हलणार नाही,” फुंकर म्हणाला. “आता तुम्ही उठलात तरच हे उठणार.”

मला एवढं हलकं वाटलं की मी त्याला चहा दिला, आणि तो माझ्या पद्धतीने उकळला.

७

उजळणीच्या दुपारी नवरा कामावर होता. सासूबाई सकाळीच फोनवर नातीचं नाक कुणासारखं आहे ते सांगत होत्या. मी पुढच्या दाराला आतून कडी घातली, मागच्या खोलीत आले, कॅमेरा लावला. माझं चित्र मॅडमना आणि वर्गाला दिसणार होतं. माझ्या पडद्यावर मात्र निरोपांची पट्टी सोडली तर सगळीकडे लिहायची खिडकी पसरलेली असते, माझं चित्र तिच्याखाली झाकलं जातं. ती लहान केली की अक्षरं थांबतात.

सर सुरू झाले. मी सुरू झाले. बोटं चांगली चालली होती. पंप झाले. पंपांचे बिघाड झाले. सर मध्येच खोकले, मी त्यांना खोकू दिलं. इतक्या दिवसांनी पहिल्यांदाच कान सरांकडे पूर्ण देता येत होते, ‘आता जातंय की काय’ अशी धास्ती नव्हती.

धास्ती नाही म्हटल्यावर डोक्यात जागा झाली. त्या जागेत एक विचार आला. इतके दिवस पडदा काळा झाला की मी काय करायचे? खुर्चीतून उठायचे. कधी प्लग बघायला, कधी बोर्डाकडे, कधी सासूबाईंना हाक मारायला. बहुतेक वेळा मी खोलीतून बाहेर जायचे. सोबत असली की कॉम्प्युटर बंद पडायचा नाही, म्हणून आम्ही म्हणालो, त्याला सोबत लागते.

तो सोबत मागत होता की मला उठवत होता?

मी एक शब्द चुकले. सुधारला. यंत्राला असलं काही समजत नाही, मी स्वतःला बजावलं. धूळ. टाका. दाब. आता सगळं नवं आहे. पडदा पांढराशुभ्र होता, आणि पांढऱ्या पडद्यात मागचं काहीच दिसत नाही. कानांत सर होते, त्यामुळे मागचं काही ऐकूही येत नव्हतं.

बाजूच्या पट्टीत शेवटच्या बाकाचा निरोप उमटला.

“ताई, आज तुमच्यासोबत कुणी बसलंय का?”

मला तिला उत्तर देता येत नाही. मी जे लिहीन ते सगळ्यांच्या पडद्यावर सरांचं बोलणं म्हणून जातं. मी झडपेबद्दल लिहीत राहिले.

“मागे खाटेवर. त्या बोलतायत. त्यांचंही लिहिणार का?”

ऐकू न येणारी ती मुलं ओठ वाचतात. सर तोंड फिरवून बोलले की तीच आधी तक्रार करते. मान वळवायची म्हटलं तर एक क्षण लागला असता. क्षणभर अक्षरं थांबली असती, आणि मॅडम बघत होत्या. हे मी स्वतःला सांगितलेलं कारण. खरं म्हणजे मान वळतच नव्हती. मी पुढच्या दाराच्या कडीचा विचार केला. ती मीच घातली होती. तिचा गार स्पर्श अजून बोटांना आठवत होता.

“ओठ नीट दिसत नव्हते. आता दिसले. सारखं एकच विचारतायत.”

सर म्हणाले, झडप एकाच दिशेने उघडते. मी लिहिलं, झडप एकाच दिशेने उघडते.

“‘हिचं अजून किती राहिलंय?’ असं.”

८

सरांचं खरं म्हणजे फार राहिलं नव्हतं. इतक्या दिवसांत मला त्यांचा आवाज ओळखू येतो. धडा संपत आला की ते जरा घाईने बोलतात आणि कागद गोळा करायला लागतात. कागदांचा आवाज मला आला.

“चला, आज इथेच थांबू,” सर म्हणाले. “धन्यवाद.”

टक् असा आवाज आला आणि ते गेले. माझे कान रिकामे झाले. मॅडमनी पट्टीत लिहिलं, “उत्तम. अखंड झालं. अभिनंदन.” आणि त्याही गेल्या.

मी सरांचं शेवटचं वाक्य अजून लिहिलं नव्हतं. मुलं थांबली होती. अक्षरं थोडी मागून पोचतात, म्हणून शेवटचं वाक्य उमटेपर्यंत ती उठत नाहीत.

माझ्या मागे खाटेची फळी करकरली. बराच वेळ बसलेलं माणूस हात टेकून सावकाश उठतं, तशी.

मी लिहिलं, “आता झडपेचा आणखी एक प्रकार बघू.”

फळीचा आवाज मध्येच थांबला. मग पुन्हा झाला, वजन परत खाली टेकल्याचा.

मला झडपेचा आणखी एक प्रकार माहीत नव्हता. मी लिहिलं, ही झडप आतून बंद होते. मी लिहिलं, तिला दोन पाकळ्या असतात, एक जाड, एक पातळ. बोटं इतकी दमली होती की त्यांचं दुखणं मला लांबून कुणीतरी सांगितल्यासारखं वाटत होतं. नवऱ्याची शिफ्ट अजून सुटलेलीही नव्हती. मी लिहिलं, आता तिची रचना सविस्तर पाहू.

पट्टीत निरोप आला.

“ताई, सर तर कधीच गेले. हे कोण बोलतंय?”

मी पुढचं वाक्य लिहायला घेतलं.